टीव्ही घेताना पडदा पारखा, पाटी नव्हे

टीव्ही ही वस्तू आता घरोघर आहे. लूमवर काम करणारा कारागीर असो की गादीवर बसणारा व्यापारी, आठ-दहा वर्षांतून एकदा प्रत्येकाला नवा संच घ्यावाच लागतो. कारागिराच्या घरात ही रक्कम कित्येक आठवड्यांच्या मजुरीतून बाजूला काढलेली असते. असे असूनही आपल्यापैकी बहुतेक जण टीव्हीची निवड दुकानात उभे राहून दहा मिनिटांत करतात. कोणता पडदा जास्त चमकतो आणि कोणत्या खोक्यावर मोठे आकडे छापले आहेत, एवढेच पाहिले जाते.

आम्ही कापडाचे व्यापारी. सूत, रंग आणि खळ यांची पारख हेच आमचे शिक्षण. टीव्हीच्या बाजाराचा अभ्यास केला तेव्हा असे दिसून आले की तेथील दावे आणि कापड बाजारातील दावे यांची जात एकच आहे. आमच्याकडे पातळ कापडाला खळ चढवून ते भरदार भासवले जाते, तेथे साध्या पडद्याला झगमगाट चढवून तो उंची भासवला जातो. म्हणून या लेखात आम्ही टीव्हीच्या पडद्याची पारख कशी करावी आणि खोक्यावरील शब्दांचा अर्थ काय, हे क्रमाने मांडत आहोत.

१. पडदा कशाचा आहे?

पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी. बाजारात नावे पुष्कळ असली तरी पडद्याच्या मुख्य जाती दोनच आहेत.

पहिली जात एलसीडी. यात पडद्याच्या मागे उजेड असतो आणि पुढे द्रव स्फटिकांचा थर असतो. हे स्फटिक झडपेसारखे काम करतात. जेथे उजेड हवा तेथे झडप उघडते, जेथे काळोख हवा तेथे मिटते. पूर्वी मागचा उजेड बारीक नळीच्या दिव्यांचा असे. पुढे नळ्यांच्या जागी एलईडी दिवे आले आणि त्याच संचाला ‘एलईडी टीव्ही’ म्हणण्याची रीत पडली. पडदा मात्र एलसीडीचाच राहिला. ‘क्यूएलईडी’ हे नाव २०१७ पासून रूढ झाले. त्यातही मागे एलईडीचाच उजेड असतो. मध्ये क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो, त्यामुळे रंग अधिक शुद्ध दिसतात. ‘मिनी एलईडी’ म्हणजे मागचे दिवे अगदी लहान आणि संख्येने पुष्कळ. हे सगळे एकाच घराण्याचे होत.

दुसरी जात ओएलईडी. यात मागे दिवा नसतो. प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. काळ्या जागी बिंदू पूर्ण बंद होतो, म्हणून काळा रंग खराखुरा काळा दिसतो. क्यूएलईडी आणि ओएलईडी या नावांत एका अक्षराचा फरक आहे, पण वस्तू अगदी वेगळी आहे. सुती आणि सुतीसारखे दिसणारे, यांत जेवढा फरक तेवढाच हाही समजावा.

दुकानदारांसाठी येथे एक सूचना आहे. ज्यांना दुकानात दिवसभर एकच चित्र, भावफलक किंवा बातमीची पट्टी दाखवायची आहे, त्यांनी ओएलईडी घेऊ नये. एकाच जागी तेच चित्र महिनोन्महिने राहिले तर त्याची कायमची सावली पडद्यावर उमटण्याचा धोका असतो. अशा कामाला एलसीडी जातीचाच संच बरा.

२. बिंदूंची संख्या आणि बसण्याचे अंतर

पडद्यावरचे चित्र बारीक बिंदूंनी बनते. कापडात रीड आणि पिक मोजतात, तसे येथे आडवे आणि उभे बिंदू मोजतात. ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संचात सामान्यतः १३६६ गुणिले ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख बिंदू असतात. ‘फुल एचडी’मध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे पावणेएकवीस लाख. ‘फोर-के’मध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. ‘एट-के’मध्ये याच्याही चौपट.

आता कोणीही म्हणेल की बिंदू जास्त तो माल उत्तम. कापडवाला असे म्हणणार नाही. रीड-पिक भरपूर असूनही सूत हलके आणि रंग कच्चा असेल तर कापड टाकाऊच ठरते. शिवाय दहा हातांवरून पाहणाऱ्याला रीड-पिक दिसतच नाही. भिंग लावून मोजले तरच दिसते. टीव्हीचेही तसेच आहे. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो. त्यापेक्षा बारीक बिंदू एकमेकांत मिसळून जातात.

या नियमावरून आम्ही एक सोपा हिशेब काढला आहे. फुल एचडी संचाचे जितके इंच असतील, त्यांना ४ ने गुणावे. येईल तितक्या सेंटिमीटरच्या पलीकडे बसलात तर बिंदू वेगळे दिसत नाहीत. फोर-केसाठी २ ने गुणावे. एचडी रेडीसाठी साडेपाचने गुणावे.

उदाहरणे घेऊ. ४३ इंचांचा फुल एचडी संच असेल तर ४३ गुणिले ४ म्हणजे १७२ सेंटिमीटर, अर्थात साडेपाच फुटांच्या थोडे पुढे. आपल्या घरातील खोली दहा बाय बाराची असेल आणि घरचे लोक आठ फुटांवर बसत असतील, तर त्या अंतरावरून ४३ इंचांत फुल एचडी आणि फोर-के यांतील बिंदूंचा फरक सामान्य डोळ्याला कळणार नाही. ३२ इंचांचा एचडी रेडी संच सुमारे १७६ सेंटिमीटरच्या, म्हणजे पावणेसहा फुटांच्या पलीकडून स्वच्छ दिसतो. ६५ इंचांचा फुल एचडी संच मात्र २६० सेंटिमीटर, म्हणजे साडेआठ फूट मागतो. तेथे फोर-केचा उपयोग आहे. एट-केसाठी घरगुती खोलीत जादा पैसे मोजणे म्हणजे अस्तराला रेशीम लावण्यासारखे आहे.

मोठ्या आकारांत आज बहुतेक संच फोर-केच मिळतात, तेव्हा ते घ्यायला हरकत नाही. एवढेच की फक्त ‘फोर-के’ या शब्दासाठी जादा पैसे देऊ नयेत. ते पैसे पुढे सांगितलेल्या गुणांसाठी राखावेत.

अनोळखी नावाच्या स्वस्त संचावर एक चलाखी पाहावयास मिळते. खोक्यावर ‘फुल एचडी सपोर्ट’ किंवा ‘फोर-के सपोर्ट’ असे लिहिलेले असते. ‘सपोर्ट’ म्हणजे संच तसे चित्र आत घेतो, पण दाखवतो आपल्या कुवतीप्रमाणे, बिंदू कमी करून. म्हणून माहितीपत्रकात ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’ किंवा ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ या शब्दासमोरचा आकडा वाचावा. तो आकडाच खरा.

३. काळा रंग किती काळा?

चित्राचा भारदारपणा सर्वांत जास्त एका गोष्टीवर अवलंबून असतो. पांढऱ्या आणि काळ्यातील अंतर, म्हणजेच कॉन्ट्रास्ट. खोक्यावर ‘दहा लाखास एक’ असे आकडे छापलेले आढळतील. हा ‘डायनॅमिक’ आकडा असतो. एकदा पूर्ण पांढरा पडदा मोजायचा, नंतर दिवे मंदावून पूर्ण काळा पडदा मोजायचा आणि दोहोंचा भागाकार छापायचा. एकाच चित्रात काळे आणि पांढरे शेजारी असताना जो फरक दिसतो तो ‘नेटिव्ह’ कॉन्ट्रास्ट, आणि घरात उपयोग त्याचाच होतो.

एलसीडीमध्ये दोन प्रकारची पॅनेल प्रामुख्याने येतात. आयपीएस प्रकारात हा फरक साधारण हजारास एक असतो, पण बाजूने पाहिले तरी रंग फारसे बिघडत नाहीत. व्हीए प्रकारात तो तीन हजारास एक किंवा त्याहून अधिक असतो, म्हणून काळा रंग गडद दिसतो. मात्र बाजूला बसणाऱ्याला चित्र फिकट दिसते. ज्या घरात सगळे कुटुंब खोलीभर पसरून बसते, त्यांना आयपीएस सोयीचे. रात्री दिवा मंद करून समोरून पाहणाऱ्यांना व्हीए सोयीचे. विक्रेत्याला पॅनेलचा प्रकार विचारावा. त्याला माहीत नसेल तर परीक्षा स्वतः करावी. समोर उभे राहून चित्र पाहावे, मग तीन पावले बाजूला सरकून पुन्हा पाहावे.

‘लोकल डिमिंग’ हा शब्दही आढळेल. मागचे दिवे विभागवार मंद-तेज करण्याची ही सोय आहे. येथे एकच प्रश्न विचारावा, विभाग किती? दिवे पडद्याच्या फक्त कडेला असतील तर विभाग थोडे असतात आणि काळ्या आकाशातल्या चंद्राबरोबर सारा पट्टाच उजळतो. पडद्यामागे सर्वत्र दिवे आणि शेकडो विभाग असतील तर हा गुण खरा. संख्या सांगता येत नसेल तर त्या शब्दाचे पैसे देऊ नयेत.

४. एचडीआर : शिक्का वेगळा, ताकद वेगळी

आज बहुतेक प्रत्येक स्मार्ट टीव्हीवर ‘एचडीआर’चा शिक्का असतो. हेतू असा की चित्रातील ऊन खरे ऊन भासावे आणि सावलीतला तपशीलही दिसावा. यासाठी पडद्यात उजेडाची ताकद लागते. ही ताकद ‘निट’ या मापाने मोजतात. एचडीआर चित्रे सामान्यतः १००० निट किंवा त्याहून अधिक उजेड धरून तयार केली जातात. स्वस्त संच २५० ते ३५० निटपर्यंतच जातात.

मग अशा संचावर एचडीआरचा शिक्का कसा? उत्तर तेच, संच ते चित्र आत घेतो. छोट्या नळाला मोठी टाकी जोडली म्हणून धार वाढत नाही. २०१६ मध्ये ‘यूएचडी अलायन्स’ या कंपन्यांच्या संघाने उत्तम एचडीआरची पट्टी ठरवली होती. १००० निट उजेड आणि काळा ०.०५ निटपेक्षा कमी, किंवा ५४० निट उजेड आणि काळा ०.०००५ निटपेक्षा कमी. पहिली पट्टी एलसीडीसाठी, दुसरी ओएलईडीसाठी सोयीची. आपला संच यापासून किती दूर आहे, हे निटचा आकडा विचारल्यावर लगेच कळते. आकडा छापलेलाच नसेल तर तो सांगण्याजोगा नाही, असे समजायला हरकत नाही.

खोलीत दिवसा भरपूर ऊन येत असेल, किंवा संच दुकानात लावायचा असेल, तर निटचा आकडा फोर-केपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

५. रंगांची मोजणी

‘एक अब्ज रंग’ हा दावा वाचून आपण दिपून जातो. त्याचा हिशेब साधा आहे. आठ बिटच्या पडद्यात लाल, हिरवा, निळा या प्रत्येकाच्या २५६ छटा असतात. तिन्हींचा गुणाकार १ कोटी ६७ लाखांवर जातो. दहा बिटमध्ये प्रत्येकी १०२४ छटा, गुणाकार १०७ कोटींच्या पुढे. हाच तो एक अब्ज.

काही संच आठ बिटचेच असतात. दोन छटा झरझर आलटून-पालटून दाखवून ते मधली छटा भासवतात. त्यात गैर काही नाही, पण ते खोक्यावर स्पष्ट लिहिलेले क्वचितच आढळते. परीक्षा अशी की सूर्यास्ताचे आकाश किंवा धुके असलेले चित्र लावावे. रंग सफाईने उतरत गेला तर ठीक. जिन्यासारखे पट्टे दिसले तर रंगांचा दावा कच्चा.

कपड्यांवरून पारख करणे आपल्या लोकांना सोपे जाईल. पांढरा कुर्ता किंवा कसोटी क्रिकेटचा पांढरा पोशाख पडद्यावर पाहावा. त्यातील चुण्या दिसायला हव्यात. सगळा कुर्ता चुन्याच्या भिंतीसारखा सपाट दिसला तर उजळ भागाचा तपशील जळाला आहे. मग काळी शेरवानी किंवा बुरखा पाहावा. त्यातील घड्या दिसल्या नाहीत तर अंधाऱ्या भागाचा तपशील बुडाला आहे. शेवटी माणसाचा चेहरा पाहावा. कातडी नारिंगी किंवा गुलाबी दिसली तर बाकीचे रंग किती चमकतात याला किंमत नाही. कारण चेहऱ्याचा रंग कसा असतो हे डोळ्याला पक्के ठाऊक असते, पोपटाचा नसते. विक्रेता पोपट दाखवतो तो म्हणूनच!

६. हर्ट्झचा खेळ

पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, ते हर्ट्झमध्ये सांगतात. आपल्या देशात टीव्हीचे प्रक्षेपण ५० हर्ट्झच्या पद्धतीवर आधारलेले आहे, आणि सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. सामान्य पडदा ६० हर्ट्झचा असतो, उंची पडदा १२० चा. सिनेमा, बातम्या आणि मालिका पाहणाऱ्यांना ६० पुरे होतात. वेगवान खेळ आणि संगणकीय खेळ यांसाठी १२० चा उपयोग आहे.

परंतु जाहिरातीत २४०, ४८०, ८०० असे आकडे येतात. त्यांच्यापुढे ‘हर्ट्झ’ हा शब्द बहुधा नसतो. ‘मोशन रेट’, ‘मोशनफ्लो’, ‘ट्रूमोशन’ अशी कंपनीने ठेवलेली नावे असतात. दिव्यांची उघडझाप आणि मधली कृत्रिम चित्रे यांची बेरीज करून हा आकडा बनतो. प्रत्येक कंपनीचा गज निराळा असल्याने एका कंपनीचा आकडा दुसरीशी ताडून पाहता येत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात विझिओ कंपनीवर ‘इफेक्टिव्ह रिफ्रेश रेट’ या शब्दप्रयोगावरून ग्राहकांनी दावा लावला होता. कंपनीने दोष मान्य न करता ३० लाख डॉलर देऊन तो मिटवला आणि २०२४ मध्ये ग्राहकांकडून भरपाईचे अर्ज घेण्यात आले. म्हणून विचारायचे ते एकच, ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट’ किती?

कृत्रिम चित्रे भरल्याने सिनेमा नाटकाच्या चित्रीकरणासारखा गुळगुळीत दिसू लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये अभिनेते टॉम क्रूझ यांनी एक चित्रफीत काढून प्रेक्षकांना ही सोय बंद करण्याचे आवाहन केले होते. २०१९ मध्ये यूएचडी अलायन्सने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. त्यात ही सोय आपोआप बंद राहते. संचात हा मोड असेल तर तो वापरून पाहावा.

आवाजाच्या बाबतीतही सावध राहावे. १९९० च्या दशकात टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर ‘पीएमपीओ’चे हजाराचे आकडे छापत आणि प्रत्यक्ष वॅट मोजकेच असत, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. आज ‘आरएमएस’ वॅटचा आकडा पाहावा.

७. दुकानातील भपका उतरवून पाहावे

रंगाची पारख ट्यूबलाईटखाली करू नये, कापड दारात दिवसाच्या उजेडात आणावे, हा नियम नवशिक्यालाही ठाऊक असतो. टीव्हीच्या दुकानात मात्र आपण तो विसरतो. तेथील संच ‘स्टोअर मोड’ किंवा ‘डेमो मोड’मध्ये असतात. त्यात उजेड आणि रंग कमाल पातळीवर ठेवलेले असतात, कारण दुकानाच्या प्रखर दिव्यांत शेजारच्या संचापेक्षा उठून दिसायचे असते. वर कंपनीनेच तयार केलेली फुले, मासे आणि रंगीत पक्षी यांची संथ चित्रफीत चालू असते. अशा चित्रात कोणताही संच वाईट दिसत नाही.

म्हणून पुढीलप्रमाणे करावे.

पहिले, विक्रेत्याला ‘होम मोड’ लावण्यास सांगावे आणि चित्राची निवड ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’वर आणावी. चित्र थोडे मंद आणि पिवळसर वाटेल. दोन मिनिटे डोळे सरावू द्यावेत.

दुसरे, घरून पेन ड्राइव्ह न्यावा. त्यात घरच्या लग्नाची चित्रफीत, रात्रीचे एक दृश्य, क्रिकेटचा एक तुकडा आणि पूर्ण काळे, पूर्ण करडे, पूर्ण पांढरे अशी तीन चित्रे ठेवावीत. करड्या चित्रात डाग किंवा पट्टे दिसू नयेत. काळ्या चित्रात कोपऱ्यातून उजेड झिरपताना दिसू नये.

तिसरे, केबल किंवा डीटीएचचा साधा चॅनेल लावून पाहावा. आपण घरी जे पाहतो त्यातील पुष्कळसे आजही साध्या दर्जाचे, ५७६ ओळींचे असते. त्याचे ८३ लाख बिंदूंत रूपांतर करताना चांगला संच अक्षरे आणि चेहरे स्वच्छ ठेवतो, हलका संच फिसकटून टाकतो. आमच्या मते ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि दुकानात सर्वांत कमी वेळा घेतली जाते.

चौथे, घाई करू नये. ‘ही योजना आजच संपते’ हे वाक्य कोणत्याही बाजारात गिऱ्हाइकाची नजर मालावरून हटवण्यासाठीच बोलले जाते.

८. कागद, बिल आणि कायदा

पारख झाली की कागदावर यावे. बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्यावा. एकाच मालिकेत ४३ आणि ५५ इंचांचे पॅनेल वेगवेगळ्या प्रकारचे असू शकते. एका आकाराची स्तुती ऐकून दुसरा घेऊ नये. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा महिना-वर्ष आणि पडद्याचे सेंटिमीटरमधील माप पाहावे. माप कर्णाचे असते. बीईईच्या तारांकित लेबलवर वर्षाला किती युनिट वीज लागेल ते लिहिलेले असते. दहा वर्षांच्या वापरात हा खर्च लहान नाही.

कराचीही माहिती असावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. लहान संचांवर तो आधीपासून १८ टक्केच होता. जुना माल जुन्या हिशेबाने मिळत नाही ना, हे बिलात तपासावे.

हमीपत्रात दोन कलमे शोधावीत. पॅनेलची हमी किती वर्षांची, आणि किती बिंदू मृत असल्यास पॅनेल बदलून मिळेल. पडदा फुटल्यास साधी हमी लागू होत नाही, आणि पॅनेल हाच संचातील सर्वांत महाग भाग असतो. म्हणून घरी संच आल्यावर खोके उघडतानाचे मोबाईलवर चित्रण करावे. पडद्यावर लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा रंग एकेक लावून पाहावा, आणि मगच पोहोचल्याची सही द्यावी.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आहे. वस्तूच्या गुणाविषयी खोटे वर्णन करणारी जाहिरात या कायद्यात दिशाभूल करणारी ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. स्वतःची तक्रार जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत दाखल करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. जाहिरातीचे कात्रण किंवा पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे, कारण तोंडी दाव्याला पुरावा नसतो.

व्यापारी बंधूंनी येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावी. घरासाठी घेतलेला टीव्ही पेढीच्या नावावर, जीएसटी क्रमांक टाकून घेऊ नये. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ‘ग्राहक’ ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी स्वतः वापरणाऱ्याला त्यातून सूट आहे. शिवाय घरगुती वस्तूवर कराची वजावट घेणे हे कायद्यालाही धरून नाही. चार पैशांची वजावट मिळवू पाहणारा तक्रारीचा हक्क गमावून बसतो.

९. बिनव्याजी हप्त्याचा हिशेब

टीव्ही विकण्याचा आणखी एक मोठा दावा पडद्यावर नसून काउंटरवर असतो. ‘शून्य टक्के व्याज’. व्याजाचा व्यवहार टाळणाऱ्या आपल्या लोकांना हा दावा साहजिकच आकर्षक वाटतो. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वात नसते. अशा योजनांत व्याजाची रक्कम प्रक्रिया शुल्काच्या रूपाने ग्राहकावर ढकललेली असते. त्यानंतर ‘नो कॉस्ट’ असे नाव पुढे आले. त्यात बहुधा रोखीने मिळणारी सूट हप्त्यावाल्याला मिळत नाही, किंवा सूट व्याजाइतकीच दाखवून व्याज कागदावर राहते.

तेव्हा विक्रेत्याला दोन आकडे लिहून मागावेत. आज रोख दिल्यास किती, आणि सर्व हप्ते व शुल्क मिळून किती? दोन्ही आकडे समान असतील आणि करारपत्रात व्याजाची ओळ नसेल तरच तो हप्ता बिनव्याजी. फरक निघाला तर नाव काहीही असो, तो उधारीचा आकार आहे. सहा महिने थांबून रोखीने घेतलेला टीव्ही अनेकदा स्वस्त पडतो, कारण तोवर त्याच मॉडेलचा भावही उतरलेला असतो.

१०. थोडक्यात

खोलीचे अंतर मोजून आकार ठरवावा. पॅनेलचा प्रकार, निट, नेटिव्ह कॉन्ट्रास्ट, नेटिव्ह हर्ट्झ आणि आरएमएस वॅट, एवढे पाच प्रश्न कागदावर लिहून दुकानात जावे. ‘सपोर्ट’, ‘डायनॅमिक’ आणि ‘इफेक्टिव्ह’ हे तीन शब्द दिसले की थांबून विचारावे. आपल्या पेन ड्राइव्हवरचे चित्र आणि साधा चॅनेल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि विक्रेता जो गुण तोंडाने सांगेल, तो बिलाच्या मागे लिहून सही देण्यास सांगावे. खरा दुकानदार लिहून देतो. जो लिहायला कचरतो, त्याने आपल्या मालाची किंमत स्वतःच सांगितलेली असते.

हे प्रश्न विचारताना संकोच बाळगू नये. उद्या आपल्या काउंटरवर उभा राहून एखादा ग्राहक ‘प्युअर कॉटन’च्या शिक्क्यावर बोट ठेवून ‘सूत किती, पॉलिस्टर किती, लिहून द्या’ असे म्हणाला, तर आपणही पेन उचलला पाहिजे. बाजारात एकाचा प्रश्न दुसऱ्याला सरळ ठेवतो.